दिवेलागणीचं पाणी

बेबीताईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. त्या उन्हाळ्यात उठल्याबरोबर, चूल पेटवायच्याही आधी, ती एक काम करायची. खाटेवर बसून उजव्या पायाचा अंगठा चिमटीत धरायची आणि जोरात दाबायची. दुखलं की जरा बरं वाटायचं. मग डावा. दोन्ही दुखले म्हणजे पाय अजून आपले आहेत. मग भिंत न धरता उभी राहायची आणि कामाला लागायची.

नवरा गजेंद्र आणि मुलगी रागिणी त्या वेळी झोपेत असायचे. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी पाहू नये म्हणूनच ती चारला उठायची. नाहीतर पाचला उठूनही डबा वेळेवर झाला असता.

भीतीला कारण होतं. तिच्या आईला लकवा झाला होता. माहेर हिवरखेडचं. आई शेतात निंदायला गेली आणि बांधावर बसून तळपाय चोळायला लागली. म्हणाली, "मुंग्या येऊन राहिल्या वं." चार दिवस मुंग्या आल्या, नंतर पायच उचलेना. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथून परत आणलं, आणि खाटेवर टाकलं ते टाकलंच. बेबी तेव्हा आठवीत होती. तिला शाळा सोड असं कोणी म्हटलं नाही. आईला कुशीवर वळवायला दिवसभर कोणीतरी लागायचं, बाप आणि भाऊ शेतात. ती आपोआपच घरी राहिली.

आजारी माणसाला वळवायचं तर एक हात खांद्याखाली घालावा लागतो, दुसरा कमरेखाली, आणि आपला गुडघा खाटेच्या पाटीला टेकवावा लागतो. नुसत्या हातांनी ओढलं तर आपली कंबर जाते. बेबीला हे कोणी शिकवलं नव्हतं. कंबर गेल्यावर कळलं. आई गेली तोवर तिचं शाळेचं वय निघून गेलं होतं आणि लग्नाचं आलं होतं.

आता रागिणी नववी पास होऊन दहावीत गेली होती. बेबीताईला मरणाची फारशी भीती नव्हती. मेलेल्या माणसाला वळवावं लागत नाही. तिला भीती होती खाटेची. आपण खाटेला लागलो तर पोरगी एक दिवस घरी थांबेल, मग दुसरा दिवस, आणि मग दप्तर खुंटीलाच राहील. हे कसं घडतं ते तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

आणि पाडव्यानंतर तिच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या होत्या.

त्यांचं घर वरूडच्या अलीकडे, भगवंतरावांच्या संत्र्याच्या बागेत. दोन खोल्या, वर पत्र्याच्या टिना. गजेंद्र बागेचा रखवालदार. ओलित, फवारणी, राखण सगळं त्याच्याकडे. घरात वीज होती, पण ती मोटारीची वीज होती. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत तीन तारा यायच्या. त्यातल्या एकीला जोडून गजेंद्रनं घरात वायर आणली होती. बल्बाला दोन वायरी लागतात, म्हणून दुसरी वायर घरामागं नेऊन, जमिनीत एक लोखंडी सळई ठोकून तिला बांधली होती. बल्ब लागला. आसपासच्या सगळ्या बागांत असंच होतं.

उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात. माती सळईला सोडते आणि घरातला बल्ब पिवळा पडतो. सळईच्या बुडाशी पाणी ओतलं की पुन्हा पांढरा. म्हणून दिवेलागणीला सळईला पाणी घालायचं, हे घरातल्या बाईचं काम. बेबीताईनं त्यात स्वतःचं एक जोडलं होतं. ज्या पाण्यानं घरात उजेड येतो ते चपला घालून कसं घालायचं? तुळशीला जाते तशी ती अनवाणी जायची. सळईला हळदकुंकू लावायची. बादली एकदम उपडी करायची नाही. घाईनं ओतलं तर पाणी भेगेत उतरून जातं आणि वरची माती कोरडीच राहते. म्हणून धार बारीक धरायची, पाणी मुरेपर्यंत तिथंच उभी राहायची. चार वर्षं तिनं हे काम एक दिवस चुकवलं नव्हतं.

पाडव्याला गजेंद्रनं वरूडहून एक जुना कूलर आणला. टिनांखाली रागिणीला दुपारी पुस्तक धरवत नव्हतं. कूलर आला तसं एका बादलीनं भागेना. दोन लागायला लागल्या. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बेबीताई सळईपाशी उभी असताना तिच्या तळपायात काहीतरी हललं. आधी वाटलं, मुंगळे आहेत. खाली पाहिलं. मुंगळे नव्हते. ते आतून होतं. तळव्यातून पोटऱ्यांत चढलं आणि गुडघ्याशी थांबलं. तिनं बादली खाली ठेवली, घरात आली, चुलीपाशी बसली. थोड्या वेळानं गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलं.

दिवसभर ती वरूडला संत्र्याच्या मंडीत निवडीला जायची. मृग बहाराचा माल संपत आला होता. ढिगातून फळ उचलायचं, हातात फिरवायचं, डाग पाहायचा, आकार पाहायचा आणि त्या त्या कॅरेटमध्ये टाकायचं. फळ फेकायचं नाही, ठेवायचं. फेकलेलं फळ त्या दिवशी चांगलं दिसतं आणि ट्रकमध्ये सडतं. हे काम उभ्यानं. बसून निवडणाऱ्या बाईला मुकादम दुसऱ्या दिवशी बोलवत नाही. बेबीताईला वाटायचं, दिवसभर उभं राहिल्यानंच संध्याकाळी पाय सांगून राहिले. आईचंही संध्याकाळीच सुरू झालं होतं.

तिच्या शेजारी खुर्शीदबी निवडायला असायची. वयानं मोठी, तोंडानं त्याहून मोठी.

"काय वं बेबी, पायाले मेंदी लावली का? घडीघडी पाहून राहिली."

"मच्छर चावला."

"मच्छर? या उन्हात? अवं, मच्छर बी कुठं सावली पाहून लोळत असतील. खरं सांग."

"काई नाई. मुंग्या येतात जराशा."

खुर्शीदबीचा हात थांबला. "कवापासून?"

"झाले दिवस."

"अमरावतीले जाय. मोठ्या डॉक्टरले दाखव. मी येतो संगं. माझ्या नणंदेचं घर आहे तिथं, जेवण बी होईन."

"डॉक्टर काय करन? नाव सांगन."

"मंग? नाव तर कळन!"

"नाव कळलं का ते घरात येऊन बसते, खुर्शीद. आता दारातच आहे."

खुर्शीदबीनं तिच्याकडे पाहिलं, एक डागी संत्रं बाजूला टाकलं आणि म्हणाली, "वेडी आहेस तू. खुदा कसम, एक नंबर वेडी." पण त्या दिवसापासून बेबीताईचं भरलेलं कॅरेट ती गुपचूप स्वतः उचलायला लागली. बेबीताईला ते आवडलं नाही. तिनं उलट केलं. एकावर एक दोन कॅरेट घेऊन गाडीपर्यंत जायला लागली. पाय साथ देतात का, हे तिला पाहायचं होतं. द्यायचे. आणि संध्याकाळी सळईपाशी पुन्हा तेच.

मंडीची मजुरी तिच्या हातात यायची. गजेंद्रच्या पगारावर घर चालायचं, आणि तिची मजुरी सणावाराला, शाळेला. त्या हंगामात मात्र तिनं त्यातला एक रुपया मोडला नाही. ज्वारीच्या कोठीत, खालच्या थरात ठेवत गेली. शेजारच्या बागेतल्या केशरबाईला तिनं एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "आजारी मानूस सांभाळाचं काम करसान का वो, दिवसभर?" केशरबाई म्हणाली, "कोनाचं?" बेबीताई म्हणाली, "आहे एक बाई."

मे महिन्यात दहावीचे जादा तास सुरू होते. रागिणी सकाळी सायकलनं वरूडला जायची आणि ऊन तापायच्या आत परत यायची. एक दिवस ती आली ती सायकल नीट न लावताच आत शिरली.

"आई, नईम सरांनं आज घरातल्या विजेचा धडा घेतला. फळ्यावर सारं घर काढलं. एक तार येनारी, एक जानारी. मंग इचारलं, कोनाच्या घरी जानारी तार नाई, सळई आहे? अर्ध्या वर्गानं हात वर केला. सर खुर्चीवर बसूनच गेले."

"तू केला?"

"मंग काय खोटं बोलू? सर म्हने, आज घरी जाऊन सांगा, त्या सळईजवळ कोनी जाऊ नका. करंट लागते."

"नईम सराले म्हन, मंग उजेड तुमी आनून द्या."

"आई, मी मस्करी नाई करून राहिली."

"हात धू. भाकर खाय."

करंट बेबीताईला माहीत होता. एकदा मोटारीच्या पेटीला हात लागून गजेंद्र चार हात मागं पडला होता. करंट झटका देतो, माणसाला फेकतो. तिच्या पायांत येत होतं ते तसं नव्हतं. ते हळूहळू चढायचं, आईला चढलं होतं तसं. आणि त्या दिवशी तिचं पोरीच्या बोलण्याकडे अर्धंच लक्ष होतं. सकाळी अंगठा दाबला तेव्हा तो रोजच्याइतका दुखला नाही असं तिला वाटलं होतं.

संध्याकाळी गजेंद्र पलीकडच्या तुकड्यात पाणी फिरवायला गेला होता. रागिणी आतल्या खोलीत वाचत होती. कूलर आधी घरघरला, मग गुरगुरायला लागला. बल्ब पिवळा झाला, मग तांबडा. त्या दिवशी जमीन फारच तापली होती. बेबीताईनं चपला दारात काढल्या आणि दोन्ही बादल्या घेऊन मागं गेली.

पहिली बादली तिनं रोजच्यासारखी बारीक धारेनं ओतली. आत उजेड वाढलेला खिडकीतून दिसला. मुंग्या आल्या, पण आज त्या गुडघ्याशी थांबल्या नाहीत. मांडीपर्यंत आल्या. तिनं पाय उचलायला पाहिलं. पाय उचलला नाही. तोल गेला म्हणून तिनं आधाराला हात पुढं केला आणि हातात आली ती सळई.

मूठ मिटली ती उघडेना. दात एकमेकांवर बसले. गुडघे वाकले आणि ती भिजलेल्या मातीत बसली. तिला सगळं दिसत होतं, बादली लवंडलेली, पाणी पायाकडे येणारं. तोंडातून शब्द निघत नव्हता. झालं, एवढंच तिच्या मनात आलं. आलं ते.

बादलीचा आवाज ऐकून रागिणी मागच्या दारात आली. आईला तिनं पाहिलं, किंचाळली आणि धावत एक पाऊल पुढं टाकलं. ते पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं नाही. ती तिथंच थांबली. आईच्या हाताकडे पाहिलं, ओल्या मातीकडे पाहिलं. आणि वळून घरात निघून गेली.

बेबीताईनं पोरीची पाठ पाहिली. लकव्याची भीती तिनं किती तरी दिवस एकटीनं सोसली होती, पण त्या एका क्षणाएवढी भीती तिला कधीच वाटली नव्हती. आपली लेक आपल्याला टाकून आत गेली. जिची शाळा सुटू नये म्हणून ज्वारीखाली पैसे ठेवले, ती हातही न लावता गेली.

घरात खटकन आवाज झाला. बल्ब गेला, कूलर गेला. मूठ सुटली.

रागिणी परत आली तेव्हा तिच्या पायात बापाचे जुने रबरी बूट होते. तिनं आईला दोन्ही काखांत धरून ओढत भिंतीपाशी आणलं. दोघी अंधारात बसल्या. रागिणीचे दात वाजत होते. मे महिन्यात.

"माय वं! मले लकवा झाला, रागिनी."

"नाई झाला."

"मुंग्या येतात मले. रोज येतात. माह्या आईले बी असंच..."

"कुठं येतात? कवा? आई, सांग मले. घरात येतात का? मंडीत येतात का?"

बेबीताईनं तळपाय चाचपले. आजवर तिला हे कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. "इथं येतात," ती म्हणाली. "पानी घालताना."

"आता पाय हलव."

पाय हलले. थरथरत होते, पण हलले.

"आई, वीज डीपीच्या मोठ्या पेटीपासून निघते," रागिणी म्हणाली. धडा म्हणून दाखवावा तशी ती भराभर बोलत होती. थांबलं तर रडू येईल असं तिला वाटत होतं. "बल्बातून, कूलरातून फिरते आन परत डीपीलेच जाते. परत जायाले तिले तार पाह्यजे. आपल्या घरी ती तार नाई. मंग ती सळईतून जमिनीत उतरते. जमीन तिले अडवते, म्हनून तिथं तिचा जोर राहाते. सळईपाशी लय, दूर गेलं का कमी. तुहा एक पाय सळईपाशी, दुसरा दूर. मंग काई जमिनीतून जाते, काई तुह्या पायातून. आज तर तू सळईच धरली."

"मंग चार वर्षं कावून नाई लागलं?"

"बल्बाले थोडी वीज लागते. कूलरले लय लागते. पाडव्याले कूलर आला ना?"

बेबीताईनं हिशेब जुळवला. जुळला. लकवा नव्हता. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण मागच्या दाराशी, सळईपासून दोन हातांवर कपडे धुवायचा दगड होता. रविवारी रागिणी त्यावर अनवाणी उभी राहून शाळेचे कपडे आपटायची. भोवती सगळं पाणीच पाणी. रविवारी त्या वेळी कूलर बंद असायचा. का बंद असायचा? रागिणी बाहेर असायची म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. तिनं पोरीचं मनगट धरलं ते गजेंद्र येईपर्यंत सोडलं नाही.

गजेंद्रनं सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"सारा तालुका सळईवर चालून राहिला. मले कावून नाई लागत? मीच तर ठोकली ते."

"बाबा, तुमच्या पायात बूट राहातात," रागिणी म्हणाली.

"बुटाचं काय?"

"काढा बरं. मी मेनचा खटका लावतो. उभे राहा ओल्यात."

"लाव," गजेंद्र म्हणाला. खाली वाकून त्यानं बुटाच्या नाडीला हात घातला. हात तिथंच राहिला. रागिणी मेनपाशी गेलीच नव्हती, ती त्याच्याकडे नुसती पाहत होती. मग तो सरळ झाला आणि म्हणाला, "उद्या मालकाकडे जातो."

भगवंतराव ओट्यावर पेपर वाचत होते. "अरे गजेंद्र, मोटारीले तीन तारा पुरतात. चौथी कायले?"

"घराले, मालक."

"एवढी वर्षं घर नव्हतं का?"

"बायको मरता मरता राहिली."

भगवंतरावांनी पेपर खाली ठेवला. खाली ठेवला तेवढंच. "लावा ना बाप्पा. मी कुठं नाई म्हनतो? सही पाह्यजे तर सही देतो. खर्च तेवढा तुमचा."

पंधरा-वीस दिवस घरात मेन वर गेला नाही. चिमणीचा उजेड. रात्री तिघं अंगणात झोपायची. बेबीताई बागेत चालताना सुद्धा पायाखालची ओल पाहायची, ठिबकच्या नळीलाही पाय लागू द्यायची नाही. शेजारच्या बागेत केशरबाई तिन्हीसांजेला सळईला पाणी घालते, हे तिला ठाऊक होतं. ती तिकडे गेली, सांगितलं. केशरबाई म्हणाली, "मले तर काई होत नाई बाप्पा." बेबीताईनं स्वतःच्या पायातल्या चपला काढून तिच्यापुढं ठेवल्या आणि त्या घातल्याशिवाय सळईपाशी जाणार नाही असं कबूल करून घेतलं. घरी अनवाणी आली. सगळी वाट जीव मुठीत.

वायरमन आला. रस्त्यावरच्या खांबावर चौथी तार होतीच, तिला घरापर्यंत आणायचं राहिलं होतं. मध्ये दोन खांब लागणार होते. खड्डे गजेंद्र आणि बेबीताईनं खणले. मे महिन्यातली काळी माती लोखंडी सबलीला दाद देत नाही. आदल्या संध्याकाळी जागेवर पाणी सोडून ठेवायचं, पहाटे वरचा ओला थर काढायचा, परत पाणी सोडायचं. छातीएवढा खड्डा व्हायला तीन पहाटा गेल्या. कमी खणला तर पहिल्या वादळात खांब तिरपा होतो आणि तार हाताशी येते, म्हणून बेबीताईनं वायरमन पुरे म्हणाला तरी आणखी वीतभर खणायला लावलं. खुर्शीदबीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "अमरावतीचं जेवण बुडालं ना माझं!"

वायरमननं वर चढून तार जोडली. बेबीताई खाली मान वर करून उभी होती. "यातली कोनती जानारी?" तिनं विचारलं. त्यानं बोट दाखवलं. तिला चारही सारख्याच दिसल्या. तिनं रागिणीला बोलावून पुन्हा एकदा खात्री करून घेतली. मग गजेंद्रला सळई उपटायला लावली.

खाटेला लागल्यावर केशरबाईला द्यायचे म्हणून ज्वारीखाली ठेवलेले मंडीचे सगळे पैसे त्यात गेले. त्या हंगामाच्या मजुरीतून दोन खांब आले, रस्त्यापासून घरापर्यंतची केबल आली, गजेंद्रच्या नावाचं मीटर आलं आणि वायरमनची मजुरी भागली.